प्रत्यभियोगाचा निषेध आणि वतनाच्या कज्ज्यांतील उत्तरपक्षाचे कागद

प्रस्तुत लेखाचें निमित्त आमचीच एक चूक आहे. ती आधीं सांगतों, म्हणजे पुढील शास्त्रचर्चा कशासाठीं चालविली आहे हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

कऱ्हेच्या खोऱ्यांतील एका गांवच्या कुळकर्णी घराण्याचें दप्तर बारा-तेरा वर्षांपूर्वीं आमच्या पाहण्यांत आलें. त्यांत एका करीन्याचीं शेवटचीं चार पानें सुटीं मिळालीं. पहिलें पान गहाळ. त्यामुळें शक, सभा, वादी-प्रतिवादींचीं नांवें हें सर्वच गेलेलें. उरलेल्या पानांतील मजकूर असा कीं, भाऊबंदांनीं जोशीपणाच्या उत्पन्नापैकीं दोन वाड्यांचा ऐवज कित्येक वर्षें दाबून ठेविला आहे, तो आम्हांस देववावा. मागणी स्पष्ट, तक्रार स्पष्ट; तेव्हां हा फिर्यादीचाच कागद, असें आम्ही समजलों. कुळकर्णपण हातीं असतां भावाच्या जोशीपणावरही हात टाकणारा हा पूर्वज मोठा कज्जेदलाल असला पाहिजे, असें एका निबंधवाचनांत आम्ही बोलूनही गेलों. दप्तराचे वृद्ध मालक समोरच बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत. परंतु दुसऱ्या खेपेस त्यांनीं दप्तर सोडून दाखविलें नाहीं.

पुढें सहा-सात वर्षांनीं त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडील कागद पाहण्याचा योग आला. त्यांत प्रतिपक्षाचा करीना सबंध होता, दोहों बाजूंचे जामीनकतबे होते, आणि निवाड्याचा एक मसुदा होता. ते वाचतांच आमचा सारा इमला ढासळला. दावा आमच्या कज्जेदलालानें लावलाच नव्हता. दुसऱ्या शाखेनें कुळकर्णपणाचा निमा हिस्सा मागितला होता, व आमच्या हातचीं चार पानें हें त्या दाव्याचें उत्तर होतें. उत्तर असें कीं, वांटणी पूर्वींच झाली, कुळकर्णपण आम्हांकडे आलें, जोशीपण तुम्हांकडे गेलें. आणि त्या वांटणीच्या ठरावाप्रमाणें दोन वाड्यांचें उत्पन्न आमचें असतां तें तुम्ही देत नाहीं. म्हणजे प्रतिवादीनें आपला बचाव करून शिवाय उलट मागणी केली होती. बचाव पहिल्या पानावर, मागणी शेवटच्या पानांवर. पहिलें पान गेल्यामुळें मागणी तेवढी उरली, आणि बचाव करणारा मनुष्य आमच्या लेखीं आक्रमक ठरला.

आज ज्याला न्यायालयांत प्रतिदावा म्हणतात त्याला धर्मशास्त्रांत प्रत्यभियोग असें नांव आहे. आपल्या शास्त्रानें प्रत्यभियोग निषिद्ध मानिला, म्हणून जुन्या कज्ज्यांत प्रतिवादीची उलट मागणी संभवतच नाहीं, असें समजण्याकडे पुष्कळांचा कल असतो. आमच्याही चुकीच्या मुळाशीं हीच समजूत होती. म्हणून मूळ वचनाकडे वळणें प्राप्त आहे.

याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायाच्या आरंभींच, नवव्या व दहाव्या श्लोकांत, हा विषय घेतला आहे. त्याचा आशय असा: आपल्यावरील अभियोगाचें निस्तरण केल्यावांचून अभियोक्त्यावर उलट अभियोग करूं नये, ज्यावर दुसऱ्याचा अभियोग चालू आहे त्यावर आणखी अभियोग करूं नये, आणि एकदां बोललेलें फिरवूं नये. मात्र कलह व साहस यांत प्रत्यभियोग करावा; आणि कार्यनिर्णयास समर्थ असा जामीन दोघांकडूनही घ्यावा.

या वचनांत सर्व भार ‘अनिस्तीर्य’ या एका पदावर आहे. शाळेंत ल्यबन्त अव्ययें शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, हें रूप पूर्वकालवाचक आहे. मुख्य क्रियेच्या आधीं जी क्रिया झाली ती तें दाखवितें, आणि मागें नञ् लागला तर जी आधीं व्हावयास पाहिजे होती व झाली नाहीं ती दाखवितें. निषेध उलट अभियोगाच्या हक्काचा नाहीं. क्रम सोडण्याचा आहे. आधीं आपल्या अंगावरचें निस्तरा, मग दुसऱ्यावर जा. चाळीस वर्षें हें व्याकरण शिकवूनही हातीं आलेल्या कागदास तें लावण्याचें आम्हांस सुचलें नाहीं, याची खंत वाटते.

मिताक्षराकार विज्ञानेश्वर हा सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६-११२६) काळीं कल्याणच्या चालुक्य राजधानींत होऊन गेला. त्यानें येथें जी शंका उपस्थित केली आहे ती वकिलासही शोभावी अशी आहे. उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत: कबुली, नाकबुली, प्रत्यवस्कंदन आणि प्राङ्न्याय. शेवटच्याचा अर्थ, हा तंटा पूर्वींच तुटला आहे असें म्हणणें. प्रत्यवस्कंदन म्हणजे वादीचें म्हणणें मान्य करून त्यावर निराळें कारण पुढें करणें. ‘तुझे शंभर घेतले खरे, पण परत केले’ हें त्याचें नेहमींचें उदाहरण. आतां, परत केले असतांही पुन्हां मागतोस असें म्हणणें म्हणजे वादीवर उलट आरोपच कीं नाहीं? मग निषेध यासही लागेल! विज्ञानेश्वर म्हणतो, लागत नाहीं. रूप प्रत्यभियोगाचें असलें तरी या उत्तरानें प्रतिवादी आपल्यावरील दोषाचाच परिहार करितो. ज्या उलट आरोपानें मूळ आरोपाला धक्काही लागत नाहीं, तेवढ्याचाच हा निषेध आहे.

हा भेद दृष्टांतानें सांगणें बरें. सावकारानें कर्जाचे शंभर मागितले. कुणबी म्हणाला, ‘त्या पैशांत तूं माझी बैलजोडी घेतलीस.’ हें उत्तर झालें. बैलजोडी दिल्याचें सिद्ध होतांच कर्ज उडालें. पण तो जर म्हणाला, ‘तुझ्या गुरांनीं माझें शेत खाल्लें, त्याची भरपाई दे,’ तर शेत खाल्ल्याचें सोळा आणे सिद्ध होऊनही कर्ज जागच्या जागीं राहतें. दुसरी तक्रार खोटी आहे असें शास्त्र म्हणत नाहीं. ती निराळी मांडा, एवढेंच म्हणतें.

असें कां? याचें मर्म कात्यायनाच्या एका वचनांत आहे. एकाच वादांत दोन्ही पक्षांस क्रिया म्हणजे प्रमाण देण्याचा भार येत नाहीं, आणि दोघांचीही अर्थसिद्धि होत नाहीं, असा त्याचा आशय. व्यवहाराचे चार पाद आहेत: भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धि. उत्तर झाल्यावर पहिला प्रश्न हा कीं, पुरावा कोणीं द्यावयाचा? नाकबुली असेल तर वादीनें. प्रत्यवस्कंदन किंवा प्राङ्न्याय असेल तर प्रतिवादीनें. एकाच उत्तरांत या दोहोंची भेळ झाली तर सभेस साक्षी कोणाचे घ्यावे हें कळेना. म्हणून मिताक्षरेंत संकीर्ण उत्तरांचा एवढा खल केला आहे. तेथेंही शेवटीं तोडगा क्रमाचाच निघतो: सोनें घेतलें नाहीं, रुपये घेतले पण फेडले, असें कोणी म्हटल्यास एक अंश आधीं चालवावा, दुसरा मागून. ज्यांना दिव्याच्या व शपथेच्या कथाच आवडतात त्यांनीं हा नीरस भाग सोडून दिला तरी चालेल. पण निवाडपत्र वाचणाऱ्यास सोडतां यावयाचा नाहीं.

कलह व साहस यांचा अपवाद कां, हाही प्रश्न विज्ञानेश्वरानें टाळिला नाहीं. ‘यानें मला मारलें’ या तक्रारीवर ‘आधीं यानें मला मारलें’ असें म्हटल्यानें मारल्याचा दोष नाहींसा होत नाहीं. मग येथें प्रत्यभियोग कां चालावा? त्याचें उत्तर असें कीं, तो दोष उडविण्यासाठीं नसून दंड कमी व्हावा किंवा अधिक दंड टळावा यासाठीं आहे. नारदाच्या मतें आरंभ करणाऱ्यास दंड भारी. मागून हात उचलणाराही निर्दोष नाहीं, पण त्याचा दंड हलका. तेव्हां आरंभ कोणीं केला हें ठरल्याशिवाय दंडाचें मान ठरत नाहीं, व दोघांचें ऐकल्याशिवाय आरंभ ठरत नाहीं. ऋणादानांत असा दंडाचा कमी-अधिकपणा नसल्यानें तेथें हा अपवाद निरुपयोगी.

याज्ञवल्क्याहून कौटिल्य येथें एक पाऊल पुढें गेलेला दिसतो. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली, आणि पुढें मुंबई विद्यापीठानें प्रा. कंगले यांच्याकडून तिची चिकित्सक आवृत्ति काढविली. तींतील धर्मस्थीयाच्या पहिल्याच अध्यायांत प्रत्यभियोगाचा निषेध सांगून कलह व साहस यांच्या जोडीला सार्थ आणि समवाय हे आणखी अपवाद दिले आहेत. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. समवाय म्हणजे एकत्र काम करणाऱ्यांचा संघ. कौटिल्य कारण देत नाहीं. आमचा तर्क असा कीं, तांड्यांत देणें-घेणें दोहों बाजूंनीं एकाच हिशेबांत गुंतलेलें असतें, आणि मुक्काम हलल्यावर प्रतिवादीनें दुसरी फिर्याद कोणावर व कोठें करावी? त्याच अध्यायांत आणखी एक बारकावा आहे. प्रतिवादीस उत्तरासाठीं तीन किंवा सात रात्रींची मुदत मिळते. पण प्रतिवादीनें उत्तर दिल्यावर वादीनें प्रत्युत्तर त्याच दिवशीं द्यावें, नाहीं तर तो हरला. कारण कौटिल्यानेंच दिलें आहे: वादी आपल्या कार्याचा निश्चय करून आलेला असतो, प्रतिवादी नव्हे. प्रतिवादीच्या अडचणीची ही जाणीव इतक्या जुन्या ग्रंथांत पाहून आम्हांस कौतुक वाटलें.

आतां वतनाच्या कज्ज्यांस अगदीं जवळचें स्थळ. एकच वस्तु दोघेही आपली म्हणतात, दोघेही मागणारे आहेत, अशा वेळीं काय करावें? याज्ञवल्क्य सांगतो कीं, साक्षी दोहोंकडे असतील तर पूर्ववादीचे घ्यावे; पूर्वपक्ष खालीं पडेल तेव्हां उत्तरवादीचे. साधारण वाचकास वाटेल कीं पूर्ववादी म्हणजे ज्यानें आधीं फिर्याद केली तो. मिताक्षरा हा अर्थ स्पष्टपणें नाकारिते. तिचें उदाहरण शेताचें आहे. एकास शेत दान मिळालें, त्यानें तें उपभोगिलें व तो कुटुंबासह परदेशीं गेला; मग तेंच शेत दुसऱ्यास मिळालें, त्यानेंही उपभोगिलें; पुढें दोघेही ‘माझें, माझें’ म्हणून सभेंत आले. येथें पूर्ववादी तो, जो आपली प्राप्ति कालानें पूर्वींची सांगतो. मग त्यानें सभेंत अर्ज मागून केला असला तरी हरकत नाहीं. उलटपक्षीं दुसरा जर म्हणाला कीं, ‘याचें दान आधींचें खरें, पण राजानें तें याजपासून विकत घेऊन मला दिलें,’ तर पुरावा या दुसऱ्यानें द्यावयाचा.

येथें प्रत्यभियोगाच्या निषेधाचें नांवही नाहीं, आणि नसावेंच. वस्तु एक, प्रश्न एक. दोघेही मागणारे असले तरी निर्णय एकच होणार. निषेध लागतो तो वस्तु निराळी असतां. आमच्या चार पानांत नेमकी दोन्ही प्रकारांची सरमिसळ होती. कुळकर्णपणापुरतें प्रतिवादीचें म्हणणें प्रत्यवस्कंदन होतें. दोन वाड्यांपुरतें शुद्ध प्रत्यभियोग.

मराठी राज्यांतील सभेनें असे कज्जे कसे चालविले, याचें साद्यंत विवेचन वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथांत (पुणें, १९५३) झालें आहे, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं. दोहों पक्षांच्या तक्रीरा अथवा करीने लिहून घेणें, दोघांकडून जामीन घेणें, ‘सभा करील तें मान्य’ असा राजीनामा दोघांकडून घेणें, हरणाऱ्याकडून यजितखत, जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, हा क्रम वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यांपैकीं दोघांच्या जामिनाकडे मात्र आम्ही लक्ष वेधूं इच्छितों. याज्ञवल्क्यानें प्रत्यभियोगाच्या अपवादास लागूनच, त्याच श्लोकाच्या उत्तरार्धांत, दोघांचा जामीन सांगितला आहे. हें सान्निध्य निरर्थक नसावें. जेथें दोघांच्याही अंगावर देणें येऊं शकतें तेथें दोघेही बांधले गेले पाहिजेत. वतनाच्या कज्ज्यांत दुतर्फा जामीनकतबे सांपडतात ते केवळ शिरस्ता म्हणून नव्हेत. त्या कज्ज्यांत प्रतिवादीही मागणाराच असतो.

मसुद्यांत सभेनें काय केलें तें आतां सांगतों. पंचांनीं आधीं वांटणी झाली कीं नाहीं एवढाच प्रश्न घेतला. वांटणी सांगणारा प्रतिवादी, म्हणून पुरावा त्यानें द्यावा असें ठरविलें. त्याचे साक्षी गोतांत उतरले. दावा खोटा झाला. दोन वाड्यांच्या ऐवजाविषयीं मात्र पंचांनीं लिहिलें कीं, त्याचा मनसुबा अलाहिदा व्हावा. सभेंत शास्त्री कोणी होता किंवा नाहीं हें मसुद्यावरून दिसत नाहीं. पण ‘अनिस्तीर्य’ या पदाचा अर्थ त्या पंचांस आमच्याहून चांगला कळला होता यांत संशय नाहीं. एका दप्तरावरून सार्वत्रिक नियम बांधण्याचा आमचा आग्रह नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशीं निवाडपत्रें असतील त्यांनीं प्रतिवादीच्या उलट मागणीचें सभेनें काय केलें तें पाहून कळवावें, एवढी विनंती आहे.

पेशवाई गेल्यावर या क्रमाचें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येईल. १८२७ च्या मुंबईच्या कायद्यांनीं निर्णयाकरितां देशाचा रिवाज व प्रतिवादीचें शास्त्र पाहावें असें ठेविलें, पण कोर्टाची कामचालवणूक शास्त्राच्या हातून गेली. त्यानंतरच्या दिवाणी कार्यसंहितांनीं, शेवटीं १९०८ च्या संहितेनें, प्रतिवादीस मुजऱ्याचा म्हणजे वजावटीचा हक्क दिला; तोही ठराविक रोख रकमेपुरता. विलायतेंत १८७३ च्या कायद्यानेंच प्रतिदावा मोकळा झाला होता. येथें मात्र स्पष्ट तरतूद नव्हती. उलट मागणीचा कागद स्वतंत्र दाव्याप्रमाणें समजून चालवितां येईल असें १९६३ त सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. आणि १९७६ च्या दुरुस्तीनें, १ फेब्रुवारी १९७७ पासून, प्रतिदाव्याचे नियम संहितेंत आले. त्यांतील दोन कलमें आमच्या विषयास भिडतात. प्रतिदावा स्वतंत्र दाव्यानेंच चालावा असा अर्ज वादीस करितां येतो. म्हणजे ‘अलाहिदा मनसुबा’ अजून जिवंत आहे. आणि मूळ दावा काढून टाकला गेला तरी प्रतिदावा पुढें चालूं शकतो. म्हणजे प्रतिवादी हा मागणाराही आहे हें कायद्यानें सरळ मान्य केलें. वादप्रश्न निघाल्यानंतर प्रतिदावा घेऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ त ठरविलें. जुन्या भाषेंत बोलावयाचें तर, तो दुसऱ्या पादांत यावा, तिसऱ्यांत नव्हे.

कागद गोळा करणाऱ्यांस यांतून काय घेतां येईल? सुटा करीना हातीं आला कीं त्यांतील मागणी पाहून त्यास फिर्याद ठरवूं नये. मागणी दोहोंकडे असूं शकते. त्यांत कबुली कोठें आहे ती शोधावी. वादी सहसा प्रतिपक्षाचें कांहीं कबूल करीत नाहीं. प्रत्यवस्कंदन करणाऱ्यास मात्र कबुलीपासूनच आरंभ करावा लागतो. ‘अमुक खरें, परंतु’ या वळणाचें वाक्य सांपडलें तर तो उत्तरपक्षाचा कागद असण्याचा संभव फार. दुसरें, त्या परगण्यांतील भाऊबंदांचीं घरें पालथीं घातल्याशिवाय निष्कर्ष काढूं नये. प्रत्येक शाखेनें आपापल्या सोयीचा कागद जपलेला असतो. हरलेल्या दाव्याचा करीना जिंकणाऱ्याच्या घरीं बहुधा मिळत नाहीं, आणि संग्राहकांनीं घराण्यावार गठ्ठे बांधिले कीं एका कज्ज्याचीं दोन अंगें कायमचीं ताटातूट पावतात. तिसरें, पहिलें पान गेलेलें असेल तर तें यादींत मोठ्या अक्षरांनीं नोंदवावें. आमच्या यादींत आम्हीं ‘आदि खंडित’ एवढे दोन शब्द लिहिले होते. वाचनाच्या वेळीं ते आम्हीच विसरलों.

दुसऱ्या शाखेकडील कागद मिळाले तेव्हां ते वृद्ध गृहस्थ हयात नव्हते. आम्हीं दोन्ही करीन्यांची व मसुद्याची नक्कल स्वहस्तें करून त्यांच्या चिरंजीवांकडे नेली, आणि ज्या मंडळींपुढें पहिलें वाचन झालें होतें त्यांच्यापुढें चूक कबूल केली. चिरंजीवांनीं नक्कल वाचली, आंत जाऊन वडिलांनीं बांधून ठेविलेलें दप्तर आणलें, आणि आमच्या देखत सोडलें. चार पानें जेथल्या तेथेंच होतीं. दुसऱ्या शाखेचे वारस त्याच आळींत राहतात; दोन्ही घरचे कागद एकत्र लावूं द्यावे अशी आम्हीं भीड घातली, ती दोघांनींही मान्य केली. सध्यां ते एकाच रुमालांत आहेत.